तळाशी वारा नाही

१

सकाळी साडेसहाला चहा घेतल्यानंतर मी दगड ओले करतो. निवृत्तीनंतरच्या सात वर्षांत हा क्रम चुकलेला नाही. पितळी वाटीत पाणी, पाण्यात स्पंजाचा तुकडा आणि समोर लाकडी खोक्यात मांडलेले अकरा दगड. ओला केला की दगड बोलू लागतो, असे आमच्या भांडारातले लोक म्हणत. मी तसे म्हणणार नाही. ओल्या पृष्ठभागावर थराथरांतील फरक स्पष्ट दिसतो, एवढेच खरे आहे.

हे दगड समुद्राच्या तळाखालून आलेले आहेत. समुद्रात खोल छिद्रे पाडताना पोकळ नळीतून दगडाचे लांब दांडे वर काढतात. ते साठवण्याचे एक भांडार बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत होते, आणि तेथे मी एकतीस वर्षे नोंदी ठेवण्याचे काम केले. माझे शिक्षण जुन्या अकरावीपर्यंत, तेही अपूर्ण. परंतु भांडारात येणारे भूशास्त्रज्ञ जी पुस्तके विसरून जात, ती मी शब्दकोश शेजारी ठेवून वाचली. अखेरच्या वर्षांत एखाद्या खोक्यावरची चिठ्ठी चुकीची वाटली, तर ते साहेब लोक मला विचारून ती बदलत. भांडार बंद झाले तेव्हा टाकून द्यायच्या तुकड्यांतील अकरा मी मागून घेतले.

आपल्याकडे मासवणच्या टेकड्यांवर काळा दगड कोठेही सापडतो. तो अग्नीचा. माझे दगड पाण्याचे आहेत. कोट्यवधी वर्षांपूर्वी एक समुद्र होता; वरच्या अंगाला जिवांनी गजबजलेला आणि तळाशी निर्जीव. वरचे सूक्ष्म जीव मरत आणि चाळणीतून पीठ गळावे तसे खाली येत. अन्य समुद्रांत तळाशी किडे असतात. ते गाळ खातात, उकरतात, ढवळतात, आणि मेलेल्याचा मागमूस ठेवत नाहीत. या समुद्राच्या तळाच्या पाण्यात प्राणवायूच उरलेला नव्हता. म्हणून किडा नव्हता, आणि कुजणे जवळजवळ थांबलेले होते. जे पडले ते राहिले. थरावर थर, कागदाहून पातळ, एकही विस्कटलेला नाही. तो गाळ दबून हा काळा दगड झाला.

माझ्या पत्नीला, आनंदीला, हे सर्व पाठ होते आणि त्याचे तिला काडीचेही कौतुक नव्हते. "अहो," ती आतून म्हणे, "त्या मुसळांची आंघोळ आटोपली असेल, तर या जिवंत बाईला कपभर चहा मिळेल का?"

ती गेली, त्याला अकरा महिने झाले.

२

कुंभवलीत आमचे घर कारखान्यांच्या पाठभिंतीपासून फार दूर नाही. अन्यत्र लोक "पाऊस आला" म्हणून खिडक्या लावतात. आमच्याकडे "वास आला" म्हणून लावतात. सडक्या अंड्यासारखा तो वास दिवसाच्या कोणत्याही प्रहरी येतो. आनंदीची फुप्फुसे दोन वर्षांपासून निकामी होत चालली होती, आणि तिला बाहेरच्या धुरापासून जपा, असे डॉक्टरांनी मला बजावले होते. मागच्या खोलीत, जेथे तिची खाट होती, तेथे मी खिडकी लावलेलीच ठेवीत असे. तेथेच एका दुपारी, दोन वाजून वीस मिनिटांनी, ती गेली. मी एकटाच जवळ होतो.

"शेवटी काही म्हणाली का?" माझ्या मुलीने, स्नेहाने, पालघरहून येताच विचारले.

"नाही," मी सांगितले.

आमचे मूळ गाव खानापूर तालुक्यातले. आमच्याकडे मृताच्या जागी दिवा ठेवतात आणि अकराव्या दिवसापर्यंत तो विझू देत नाहीत. दहाव्या रात्री दिव्याखाली तांदळाचे पीठ पसरून वर टोपली झाकतात. सकाळी टोपली उचलली की पिठावर जी खूण असेल, त्या योनीत जीव गेला असे समजतात. माझा यावर विश्वास नाही. तरीही माझ्या थोरल्या वहिनी, रखमाबाई, गावाहून आल्या होत्या, आणि आनंदी स्वतः हे सारे मनापासून मानीत असे. तेव्हा करायचेच तर ते चोख करावे, या विचाराने मी खिडकीच्या प्रत्येक फटीवर वर्तमानपत्राच्या पट्ट्या खळीने चिकटवल्या. दाराखाली गोधडीची सुरळी लावली. वाऱ्याला सुईच्या अग्राएवढीही वाट ठेवली नाही.

चौथ्या दिवशी दिवा विझला. तेल काठोकाठ होते, वात नवी होती. मी पुन्हा लावला. तासाभरात ज्योत निळी झाली, आखडली आणि पुन्हा विझली.

घरकामाला मासवणहून येणारी कमळी दारात उभी होती. "आप्पा, दिव्याला वारा नाय भेटत. जरा उघडा ना खिडकी."

"वाऱ्यानेच दिवा विझतो, कमळी."

"वाऱ्यानं इझतो न् वाऱ्यावरच जगतो. तुमी येवढी बुकं वाचता!"

मी दिवा दाराजवळ सरकवला आणि दर तासाला दार किंचित उघडून त्याला सांभाळले.

अकराव्या सकाळी रखमावहिनींनी टोपली उचलली. पीठ जसे पसरले होते तसेच होते. त्या वाकल्या, चष्मा पुसून पुन्हा वाकल्या.

"पंढरीनाथ, अरे, मुंगीसुद्धा नाही?"

"पसरलेले पीठ सपाटच राहणार, वहिनी."

"सत्तर वर्षांत मी असं पीठ पाहिलं नाही. काहीतरी उमटतंच. झुरळाचा का होईना, पाय असतो." त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ही गेलीय कुठं मग?"

 स्वयंपाकघरात त्याच वेळी साखरेच्या डब्यापर्यंत मुंग्यांची रांग लागलेली होती. ती रांग मागच्या खोलीच्या उंबऱ्याला वळसा घालून जात होती. एकतीस वर्षे मी न विस्कटलेले थर पाहिले आहेत आणि त्यांचा अर्थ मला ठाऊक आहे. त्या सकाळी तो अर्थ मला आठवला आणि मी तो बाजूला सारला.

३

सारे परत गेल्यावर मी ती खोली बंद केली. आवरण्याचे धैर्य नव्हते, एवढेच कारण होते. दीड महिन्याने आनंदीचे बँकेचे पुस्तक हवे होते, म्हणून उघडली.

खाटेशेजारच्या कोनाड्यात बशी होती आणि बशीत अर्धा चिकू. तो त्या दिवशी दुपारी तिने खाल्ला होता. घोलवडचा, कमळीने आणलेला. एक घास घेऊन तिने ठेवून दिला होता. त्यावर तिच्या समोरच्या दोन दातांची खूण होती, मधल्या फटीसकट.

चिकूचे आयुष्य आपल्या भागात कोणालाही सांगावे लागत नाही. कापलेला चिकू दुसऱ्या दिवशी काळा पडतो आणि तिसऱ्या दिवशी त्यावर चिलटे बसतात. हा मात्र ओलसर, तपकिरी आणि ताजा होता. मी तो नाकाशी नेला. गोड वास आला. बशीभोवती एकही मुंगी नव्हती.

मी तर्क केला. खोली बंद, हवा कोंडलेली, जंतूंना वाढण्यास अवकाश नाही. तर्क निर्दोष नव्हता. कोणतीही खोली तितकी बंद नसते, हे मला कळत होते. परंतु उशीला तिच्या डोक्याचा खळगा होता. खळग्यात तिच्या केसांच्या खोबरेल तेलाचा वास होता, जणू ती पाणी प्यायला उठून गेली असावी. मी बँकेचे पुस्तक न घेताच बाहेर आलो आणि गोधडीची सुरळी पुन्हा दाराशी घट्ट लावली.

लपवण्यासारखे काही नाही म्हणून लिहितो: त्या दिवशी मला आनंद झाला. माझ्या घरात एक जागा अशी निघाली होती, जेथे आनंदीचे काही नष्ट होत नव्हते.

त्यानंतर रोज दुपारी मी तेथे स्टूल घेऊन बसू लागलो. पाव तासापेक्षा अधिक बसवत नसे. डोके जड होई, छातीवर कोणी पाट ठेवल्यासारखे वाटे. फरशीवर बारीक काळी धूळ साचत होती. पट्ट्या शाबूत असताना ती कोठून येत होती, हे मला सांगता येणार नाही. माझ्या पावलांचे ठसे दुसऱ्या दिवशी तिच्या नव्या, सपाट थराखाली गेलेले असत. मी कमळीला झाडायला सांगितले.

"मी नाय जायाची तिथं."

"का?"

"तिथं माझा श्वास माझा ऱ्हात नाय, आप्पा." तिने केरसुणी कोपऱ्यात उभी केली. "पगार कापा पायजे तर."

४

मार्गशीर्षात स्नेहा आपल्या नवऱ्यासह, मनीषसह, आणि चार वर्षांच्या लेकीला, स्वराला, घेऊन आली. मनीषची नोकरी तारापूरच्या बाजूला होती. पालघरचे घर सोडून तिघांनी माझ्याकडे राहायला यावे, असे त्यांनी ठरवले होते. मला ते हवे होते. ते किती हवे होते, हे मी त्यांना कधी सांगितले नाही.

"मागची खोली आम्हाला होईल," स्नेहा म्हणाली. "रंग काढू, खिडकीला जाळी बसवू."

"ती खोली नाही."

"आप्पा, घरात दोनच खोल्या आहेत. आम्ही काय तुमच्या दगडांच्या खोक्यात झोपायचं?"

मनीष हसला. मी हसलो नाही. बोलणे वाढत गेले, आणि स्वरा समोर नाही हे आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आले नाही. मनीषला प्रथम दिसले की गोधडीची सुरळी बाजूला सरकलेली आहे.

स्वरा आनंदीच्या खाटेवर बसली होती. तोंड उघडे, मान वर ताणलेली, दोन्ही खांदे कानांपर्यंत उचललेले. ओठांवर निळसर झाक होती. मनीषने तिला उचलून अंगणात आणले, तेव्हा ती खोकली, मग रडली, मग ओठ पूर्ववत झाले.

"काय करत होतीस गं तू आत?" स्नेहाने तिला पोटाशी धरून विचारले.

"आजी करते तसं."

 बाहेर कारखान्याचा पंखा घरघरत होता. स्नेहाने स्वराचे तोंड पदराने पुसले आणि माझ्याकडे पाहिले. तिचे डोळे आनंदीसारखे आहेत.

"त्या दिवशी काय झालं, आप्पा? आई शेवटी काय म्हणाली?"

"तुला सांगितले आहे."

"नाही सांगितलंत. तुम्ही मला दोन वाजून वीस मिनिटं सांगितलीत, नाडीचे ठोके सांगितलेत. आईचं काहीच नाही सांगितलंत." ती उठली. "खोली उघडा. तोवर मी हिला या घरात आणणार नाही. आणि मीही येणार नाही."

ती आली नाही. पौष गेला, माघ गेला. फोनवर ती माझी प्रकृती विचारी, मी ठीक असल्याचे सांगे, आणि दोघेही फोन ठेवत असू.

५

मागच्या खोलीत मी बसलो की एक आवाज येई. त्याचा उल्लेख मी आतापर्यंत केला नाही, कारण मी त्याचा उलगडा केलेला होता. भिंतीपलीकडच्या कारखान्यात मोठा पंखा आहे. तो हवा ओढतो, अडखळतो आणि पुन्हा ओढतो. तोच आवाज भिंतीतून झिरपून बारीक ऐकू येत असावा, असा माझा निष्कर्ष होता.

फाल्गुनात आठवड्याच्या सुट्टीच्या एका दिवशी वसाहत प्रथमच संपूर्ण बंद होती. दुपारी दोनच्या सुमारास मी आत जाऊन बसलो. बाहेर इतकी शांतता होती की रस्त्यावरच्या सायकलची साखळी ऐकू आली. पंखा बंद होता.

आवाज चालू होता.

तो भिंतीतून येत नव्हता. माझ्यापासून दोन हातांवर, खाटेच्या उंचीवर होता. बारीक, कोरडा. आत ओढलेला एक तुकडा; मध्येच तुटलेला. मग थांबणे. मग दुसरा तुकडा. बाहेर टाकलेल्या हवेचा आवाज त्यात कोठेही नव्हता.

हा आवाज इतक्या जवळून मी यापूर्वी एकदाच ऐकला होता. घड्याळात दोन वाजायला पाच मिनिटे होती, तेव्हापासून दोन वीसपर्यंत.

त्या दुपारी रुग्णवाहिका बोलावलेली होती आणि ती येत होती. आनंदीने चिकू ठेवून दिला, माझे मनगट धरले आणि म्हणाली, "अहो, खिडकी उघडा."

मी म्हणालो, बाहेर वास आहे.

"असू दे. उघडा."

मी तिला समजावले. डॉक्टरांनी काय सांगितले आहे, बाहेरच्या हवेत कोणते वायू असतात, त्यांचा तिच्या फुप्फुसांवर कोणता परिणाम होईल, हे मी क्रमाने सांगितले. माझे सांगणे बरोबर होते. आजही त्यात चूक काढता येणार नाही. ती माझ्याकडे पाहत राहिली. मग बोलण्यापुरतीही हवा तिच्यात उरली नाही, आणि तिने खिडकीकडे बोट केले. ते बोट मी माझ्या दोन्ही हातांत धरून खाली घेतले. तिला धीर वाटावा, म्हणून.

खिडकी उघडली असती तर ती वाचली असती, असे नाही. ती मरणारच होती. तिला वारा हवा होता, इतकेच.

त्या सुट्टीच्या दुपारी स्टुलावर बसल्या बसल्या मला कळले की मी दगड अर्धाच वाचला होता. त्या समुद्राच्या तळाशी जे पडते ते राहते, हे वाचून मी हरखलो होतो. ते का राहते, हे मी शंभर वेळा वाचले होते: तेथे कोणालाही श्वास घेता येत नाही. आणि राहते ते काय? उशीचा खळगा, तेलाचा वास, चिकूवरचे दात. एवढेच राहिले असेल, असे मी कोणत्या आधारावर गृहीत धरले होते? दोन वाजायला पाचपासून दोन वीसपर्यंतची ती पंचवीस मिनिटेही मीच खळीने कडेकोट बंद केली होती. दहा महिन्यांत त्यांतला एक क्षणही कुजला नव्हता.

६

मी उठलो तेव्हा फरशीकडे लक्ष गेले.

धुळीवर माझी पावले दारापासून स्टुलापर्यंत होती. दुसरी खूण खाटेपासून निघाली होती. ती पावलांची नव्हती. कोणी अंग फरफटत न्यावे तसा रुंद, उथळ माग खिडकीपर्यंत गेला होता. त्याच्या कडा झिजून मऊ झालेल्या होत्या, आणि त्याच्या पोटात तसाच जुना माग होता, त्याच्या पोटात आणखी जुना. किती, ते मी मोजले नाही. खिडकीच्या कट्ट्यावर चार बोटांच्या समांतर रेषा होत्या. खालच्या पट्टीचे एक टोक आतल्या बाजूने नखाने खरवडलेले होते. नखभर कागद निघाला होता, त्याहून अधिक नाही. मीच तयार केलेली खळ होती. ती चांगली चिकटली होती.

मागे आवाज थांबला.

मी खिडकीशी गेलो. कागद ओढला, तो पट्टीपट्टीने फाटू लागला. पाठीमागे कोणीतरी श्वास न घेता वाट पाहत असल्याची जी जाणीव होती, तिच्याविरुद्ध माझ्याजवळ एकही तर्क शिल्लक नव्हता. काचेच्या कडेचा कागद निघाला तेव्हा बाहेरच्या उन्हातही काचेत खोली पुसट दिसली. खाट दिसली. माझा खांदा दिसला. खांद्याच्या मागे, अगदी जवळ, एक उघडे तोंड दिसले. बाकी चेहरा मला दिसला नाही, किंवा मी पाहिला नाही. समोरच्या दोन दातांमध्ये फट होती.

"उघडतो," मी म्हणालो. "उघडतो, आनंदी. थांब."

कडी गंजली होती. मी पितळी वाटी आणून तिच्यावर ठोकली. तिसऱ्या ठोक्याला ती सुटली आणि खिडकी धाडकन बाहेर उघडली.

वारा आत आला. त्याला वास होता, सडक्या अंड्यांचाच. सुट्टीच्या दिवशीही तो कारखान्यांचे पाणी वाहणाऱ्या ओढ्यातून येतच असतो. फरशीवरची धूळ एकदम उठली, खोलीभर उभी राहिली, आणि माझ्या कानाशी श्वास घेतल्याचा आवाज आला. तो तुटला नाही. लांब, पूर्ण, खोल, बुडालेले माणूस पाण्यावर येते तसा. तो इतका वेळ आत जात राहिला की माझ्या अंगावरचा सदरा मागे ओढला गेला.

मग धूळ खाली बसली. मी वळलो. खाटेवर कोणी नव्हते. बशीतला चिकू काळा पडून आकसला होता, आणि त्यावर दातांची खूण राहिली नव्हती. उशी कुबट झाली होती. खोबरेलाचा वास मी पुष्कळ वेळ शोधला.

संध्याकाळी मी स्नेहाला फोन केला आणि आनंदी शेवटी काय म्हणाली होती, ते सांगितले. मी काय उत्तर दिले होते, तेही सांगितले. 

"मग उघडली होतीत का तुम्ही?" तिने विचारले.

"आज," मी म्हणालो.

७

आता चैत्र लागला आहे. तिघे येथेच राहतात. स्वरा मागच्या खोलीत झोपते आणि तिचे ओठ मी दिवसातून तीन-चार वेळा पाहतो. ते लाल असतात. कमळीने ती खोली स्वतःहून झाडली. झाडताना तिने मला हाक मारून खाटेखालचा कोपरा दाखवला. दहाव्या रात्रीचे थोडे पीठ तेथे राहून गेले होते. त्यावरून मुंग्यांची रांग चालली होती आणि त्यांच्या पायांनी पिठात नागमोडी वाट पडली होती.

"आली बघा तुमची खूण," ती म्हणाली. "पुसू का ठेवू?"

"पूस," मी म्हणालो.

दगड मी अजून ओले करतो, पण पूर्वीइतका वेळ त्यांच्याकडे पाहवत नाही.

काल दुपारी वास फार होता. शेजाऱ्यांच्या खिडक्या धडाधड लागल्या. कमळी नाकाला पदर लावून आली. "आप्पा, पोरीला तरी तरास होईल. लावू खिडकी?"

मी स्वराला पुढच्या खोलीत नेण्यास सांगितले आणि स्वतः आत स्टुलावर बसलो. खिडकी मी लावू देत नाही. लोकांना हा म्हाताऱ्याचा हट्ट वाटतो, आणि त्यांना कारण सांगण्याचे मी टाळतो. कारण साधे आहे. त्या दिवशी आनंदीने श्वास आत घेतल्याचे मी ऐकले. तो बाहेर सोडल्याचे मी अजून ऐकलेले नाही.